मुंगूस, बोंबील आणि साहेबाचे कान



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय भारदस्त हवा, अशी आपली रीत. मराठी संस्कृतीची वाटचाल, समाज आणि साहित्य, असं काहीतरी. मी आयोजकांना विषय कळवला तेव्हा पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. कारण मी म्हटलं होतं, "मला एका इंग्रजी नामाच्या स्पेलिंगवर तासभर बोलायचं आहे." ते नाम म्हणजे माँगूस. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. आपलं मुंगूस. शेताच्या बांधावरून, वाडीच्या कुंपणातून सर्रकन आडवं जाणारं, आणि ज्याला रामाची शपथ घालून 'तोंड दाखव' म्हणत इथली, वसईची पोरं मागे धावत आली, ते.

मराठीतून इंग्रजीत गेलेले शब्द फार नाहीत. 'पेशवा', 'मराठा' ही इतिहासाच्या पुस्तकातली नावं सोडा. इंग्लंडातल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतो आणि इंग्रजीतले मोठे कोश ज्याच्यापुढे 'मराठी' असं नोंदवतात, असा रोजचा शब्द शोधू गेलं तर पहिला हा मुंगूसच हाताला लागतो. दुसरा एक आहे, तोही तुमच्या ओळखीचा. वासावरूनच ओळखाल. त्याच्याकडे नंतर येतो.

हा शब्द इंग्रजी कागदावर आणणाऱ्यांमध्ये अगदी आरंभीचा माणूस म्हणजे जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७२ च्या अखेरीस तो इंग्लंडहून निघाला आणि पुढची आठ-नऊ वर्षं हिंदुस्थानात आणि इराणात फिरला. मुंबईत राहिला, सुरतेला राहिला, मोगलांच्या जुन्नरला जाऊन तिथल्या किल्लेदाराच्या घरची दुखणीही त्याने पाहिली. १६७५ च्या सुमाराला तो वसईलाही येऊन गेला. तेव्हाची वसई म्हणजे पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी. १५३४ च्या तहाने ती त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. किल्ल्यातले दुमजली वाडे, झाकलेले सज्जे आणि खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या तकटी फ्रायरने टिपून ठेवल्या आहेत. माणूस डोळस होता. पाहिलेलं लिहायचा, खाल्लेलं लिहायचा आणि ऐकलेलंही लिहायचा. त्याचा प्रवासग्रंथ १६९८ साली लंडनला छापला गेला. त्यात हा प्राणी येतो आणि त्याचं स्पेलिंग जवळजवळ आजच्यासारखंच आहे. प्राणी कसा, तर फेरेटच्या जातीतला, असं तो वाचकाला सांगतो. फेरेट हा त्यांच्याकडे ससे-उंदीर पकडायला पाळलेला लांबुडका प्राणी.

आता विचार करा, फ्रायरच्या कानावर हा शब्द कुणाच्या तोंडून पडला असेल? आपल्याला वाटतं, एखाद्या आगरी-कोळी माणसाने बोट दाखवून 'मुंगूस' म्हटलं आणि साहेबाने वहीत उतरवलं. इतकं सरळ ते नसावं. मुंबई कंपनीच्या ताब्यात आली १६६८ मध्ये. त्याआधी दीडशे वर्षांच्या आत-बाहेर या सगळ्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांचा वावर होता. बंदरावर, दुभाषांत, घरगड्यांत, इंग्रजांना समजू शकेल अशी जी भाषा चालत होती ती तुटकीफुटकी पोर्तुगीज. मँगो, कास्ट, व्हरांडा हे इंग्रजीतले शब्द त्याच वाटेने गेले. कोशकारांचाही कल असा आहे की मुंगूस आधी पोर्तुगिजांच्या तोंडी गेलं आणि तिथून इंग्रजांकडे. पोर्तुगिजांनी त्याला 'मांगुस' केलं, पुढे 'मांगुस्तो'. फ्रेंचांनी 'मांगुस्त', इटालियनांनी 'मांगुस्ता', स्पॅनिशांनी 'मांगोस्ता'. या सगळ्यांनी त्याला आपापल्या व्याकरणाची शेपटी लावली. जर्मनांनी शेपटी कापलीच, ते म्हणतात 'मुंगो'.

इंग्रजांनी मात्र निराळंच काही केलं. त्यांच्या पुढच्या दोनशे वर्षांच्या कागदपत्रांत हा शब्द एम-यू-एन-जी-ओ-ओ-एस-ई असा भेटतो, एम-ए-एन-जी-यू-एस असा भेटतो, आणखीही रूपांत भेटतो. अगदी १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात नोंद आहे ती 'एम-यू' अशी. पण या सगळ्या रूपांमधून जे टिकलं त्याचा शेवट पाहा: जी-ओ-ओ-एस-ई. गूस. म्हणजे बदकाचा थोराड भाऊ, इंग्रजांच्या नाताळच्या जेवणात भाजून येणारा तो पक्षी. मुंगसाचा आणि त्याचा संबंध इतकाच, की हाती लागला तर मुंगूस त्याची अंडी फोडून खाईल.

भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. कानाला परका शब्द आला की मन त्याला घरातल्या एखाद्या ओळखीच्या शब्दाशेजारी बसवतं. 'गूस' हा आवाज इंग्रजाच्या घरात आधीपासून होता, त्याचं स्पेलिंग तयार होतं, तेच त्याने उचलून लावलं. पुढचा 'मॉन' हाही इंग्रजी सवयीचाच. 'मंकी', 'मनी', 'लंडन' या शब्दांत लिहितात ओ आणि उच्चारतात अ. त्यामुळे एम-ओ-एन लिहिणाऱ्याला कदाचित 'मं'च म्हणायचं होतं, आणि ऑक्सफर्डचा कोश मराठी मूळ देतो तेही 'मंगूस' असंच. आज इंग्रज त्या ओचा उच्चार बहुतेक 'ऑ' करतो. लिहिणाऱ्याने लिहिलं एक, वाचणाऱ्याने वाचलं दुसरं. आपल्या मुंगसातला उकार या भानगडीत कुठल्या कुठे गेला.

मग आली अनेकवचनाची पंचाईत. गूसचं अनेकवचन गीस. मग माँगूसचं? शाळेतला प्रत्येक चौकस मुलगा हा प्रश्न विचारतो आणि पुष्कळ शिक्षक गडबडतात. उत्तर सोपं आहे: माँगूसेस. गूसचं गीस होतं याचं कारण हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आहे. अनेकवचनाच्या प्रत्ययातल्या स्वराने आतला स्वर ओढला, प्रत्यय झडून गेला आणि ओढलेला स्वर तेवढा राहिला. फूट-फीट, टूथ-टीथ हीही त्याच घरची. मुंगूस त्या घरात जन्मलं नाही, सतराव्या शतकात गलबतातून उतरलं. त्याला तो जुना नियम कसा लागेल? 'मूस' नावाचं अमेरिकेतलं मोठं हरीण आहे, त्याचं नाव तिथल्या अल्गॉन्कियन भाषांतून आलेलं. त्याचंही 'मीस' होत नाही. इंग्रजांमध्ये एक जुना विनोद आहे: एकाला दोन मुंगसं मागवायची होती, अनेकवचन सुचेना, तेव्हा त्याने लिहिलं की कृपया एक माँगूस पाठवा, आणि ताजा कलम, आणखी एक पाठवा.

आपल्याकडे ही अडचण नाही. ते मुंगूस, ती मुंगसं. ऊ दीर्घ का, तर अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ लिहावा असा १९६२ च्या नियमांतला दंडक आहे. आणि 'मुंगसाला' म्हणताना तो ऊ साफ गळतो, कापूस-कापसाला, माणूस-माणसाला यांच्यासारखा. ही 'ऊस'कारान्त मंडळी लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मला परत यायचं आहे.

आता मुळाबद्दल. मराठी माणूस हे सगळं ऐकून खूश होतो. 'बघा, इंग्रजीला शब्द दिला!' मीही मघाशी 'आपलं मुंगूस' म्हणालो. पण आपलं म्हणजे किती आपलं? संस्कृतात ते नकुल, हिंदीत नेवला, बंगालीत नेउल किंवा बेजी. उत्तरेकडच्या या नावांत मुंगूस कुठेच नाही. खाली उतरा, कन्नडमध्ये मुंगिसि मिळतं, तेलुगूत मुंगिस मिळतं. हॉब्सन-जॉब्सनकर्त्यांनी तर शब्द तेलुगूच म्हणून नोंदवला आहे. प्राकृतातही जुळती रूपं आहेत, पण पुष्कळ अभ्यासकांना शब्दाचा पिंड द्राविडी वाटतो, आणि मलाही ते पटतं. म्हणजे आपण तो शेजाऱ्याकडून आणला, वापरून गुळगुळीत केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. इंग्रजी कोशात 'मराठी' लिहिलेलं असतं ते अखेरच्या देशी मुक्कामाचं नाव. त्यात कमीपणा काही नाही. वसईच्या माणसाला तरी नसावा. इथल्या वाडीतला पेरू, पपई, अननस, मिरची, सगळे दर्यापारचे पाहुणे, आणि ते आपले नाहीत असं कुणी म्हणून तर दाखवावं.

अर्थाचं काय झालं, तेही मजेचं आहे. शब्द युरोपात पोचला तेव्हा शास्त्रज्ञ जगातल्या प्राण्या-वनस्पतींना लॅटिन नावं देण्याच्या घाईत होते. हिंदुस्थानातून एक समजूतही पोचली होती, की साप चावला की मुंगूस धावत जाऊन एक मूळ चावतं आणि विष उतरवतं. त्या मुळाच्या झाडाला या शास्त्रज्ञांपैकी लिनिअसने १७५३ मध्ये नाव दिलं 'ओफिओर्हायझा मुंगोस'. मूळबीळ काही नाही, हे आता माहीत आहे. नागाचं विष स्नायूंच्या ज्या कुलपाला जाऊन चिकटतं, त्या कुलपाची घडण मुंगसाच्या शरीरात जराशी वेगळी असते आणि विष नीट बसत नाही. शिवाय चपळाई आणि फुललेले राठ केस. झाडाचं नाव मात्र तसंच राहिलं. पुढे १७६६ मध्ये लिनिअसनेच मादागास्करकडच्या एका लेमुराला 'मोंगोझ' म्हटलं. हा झाडावर राहणारा, माकडाच्या दूरच्या नात्यातला प्राणी, त्याचा मुंगसाशी काडीचा संबंध नाही. मग १७८८ मध्ये आफ्रिकेतल्या पट्टेरी मुंगसाला 'मुंगो' नाव मिळालं. आज त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव 'मुंगोस मुंगो'. आपल्या भाषेतला शब्द दोनदा आणि प्राणी आफ्रिकेतला! ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं ते आपलं करडं मुंगूस 'मुंगोस' या प्रजातीत नाहीच. या गोंधळात भर म्हणून उडदाचं शास्त्रीय नाव आहे 'विग्ना मुंगो'. ते आलं मुगावरून, मुंगसावरून नव्हे, आणि तरी ते मुगाला न मिळता उडदाला मिळालं. लॅटिन नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं मानणाऱ्यांनी एकदा उडदाची डाळ हातात घेऊन विचार करावा.

आता बोंबील. मघाशी म्हटलं होतं, दुसरा शब्दही ओळखीचा आहे. तोही त्याच फ्रायरच्या पुस्तकात आहे. मुंबईचं वर्णन करताना तो माझगावला येतो. माझगाव तेव्हा मोठं मच्छीमार गाव. तिथे एक मासा मिळतो, गरिबांचं पोट त्यावर चालतं, त्याचं नाव 'बंबेलो'. हेच पुढे इंग्रजीत 'बमेलो' आणि 'बमॅलो' झालं. इंग्रजी कोशात हा शब्द आजही आहे, समोर 'मराठी बोंबील' असं लिहिलेलं आहे. शेवटच्या ल ला इंग्रजाने 'लो' केलं. त्याच्या भाषेत स्वॉलो, फॅलो, मेलो आहेत, म्हणून बमॅलो. पुन्हा तीच खोड.

पण बमॅलो हा शब्द विद्वानांपुरता राहिला. दुकानात, खानावळीत, क्लबात चाललं ते दुसरंच नाव: बॉम्बे डक. मुंबईचं बदक! मुंगसाच्या शेवटी गूस बसवली आणि बोंबलाला सरळ बदक केलं. एकाच किनाऱ्यावरचे दोन मराठी जीव, एक बिळातला आणि एक पाण्यातला, दोघांनाही इंग्रजीने पाणपक्ष्यांच्या थव्यात नेऊन सोडलं. हा योगायोग मला फार आवडतो, आणि त्यात अर्थ शोधण्याचा मोह मी टाळतो.

बॉम्बे डकविषयी एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पाहुण्यांना हमखास सांगितली जाते. रेल्वे सुरू झाली, सुके बोंबील टपालाच्या डब्यातून जायचे, डबा घमघमायचा, लोक म्हणायचे 'बॉम्बे डाक', आणि डाकचं झालं डक. गोष्ट छान आहे. तिच्यात वास आहे, इंजिनाची शिट्टी आहे, साहेबाची फजिती आहे. फक्त ती खरी नाही. आपल्याकडे पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८०३ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला तोच) आपल्या लिखाणात मुंबईच्या फौजेतल्या लोकांना 'डक्स' म्हणतो आहे. कंपनीच्या नोकरांत अशी टोपणनावं चालत. बंगालवाल्यांना 'क्वी-हाय', म्हणजे 'कोई है' असं ओरडून नोकराला बोलावणारे. मद्रासवाल्यांना 'मल', मुळगतानी नावाचं सार ओरपणारे म्हणून. आणि मुंबईवाल्यांना 'डक', ते या बोंबलावरून, असं हॉब्सन-जॉब्सनचं म्हणणं. मासा आधी बदक झाला, त्यावरून साहेब बदक झाले, आणि गाडी पन्नास वर्षांनी आली. तरी डाकेची गोष्ट मरत नाही. तीही लोकव्युत्पत्तीच, एक पायरी वरची. अर्थ लागेना म्हणून लोकांनी अर्थासोबत इतिहासही बनवला.

अर्नाळ्याला, पाचूबंदरला किंवा किल्लाबंदरला ज्यांनी बोंबील वाळताना पाहिले आहेत, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर टाकलेले, त्यांना त्यात बदक दिसणं कठीण. पण साहेब तिथवर जात नव्हता. त्याच्या ताटात तो कुरकुरीत तळून, भात-करीवर चुरून यायचा. १९९७ मध्ये युरोपीय संघाने आयात होणाऱ्या माशांसाठी कारखान्यांच्या मंजुरीचा नियम लावला आणि उघड्यावर वाळवलेले बोंबील तिकडच्या दुकानांतून गायब झाले. तेव्हा ब्रिटनमध्ये बॉम्बे डक वाचवा म्हणून मोहीम झाली आणि पुढे वाट मोकळी झाली. बमॅलो वाचवा असं कुणी म्हटलं नाही.

इंग्रजांना हसून झालं असेल तर आपल्या घरात पाहू. 'हॉब्सन-जॉब्सन' हे नाव तरी कुठून आलं? मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानात हॉब्सन आणि जॉब्सन या दोन इंग्रज आडनावांसारखा शिरला. कोशकर्त्या यूल आणि बर्नेल यांनी तेच नाव ग्रंथाला दिलं, कारण सगळा ग्रंथच अशा ऐकण्याचा. पण असं ऐकणं ही साहेबाची मक्तेदारी नाही. 'लॉर्ड'चा आपण लाटसाहेब केला, समुद्रावरची लाट आयती होतीच. 'पाव' हा पोर्तुगीज 'पांव'. पण पायांनी मळतात म्हणून पाव, किंवा लादीचे चार भाग म्हणून पाव, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं तुम्हाला प्रत्येक बेकरीच्या रांगेत भेटतील.

आणि हापूस. मघाशी म्हटलं, 'ऊस'कारान्त मंडळी लक्षात ठेवा. अफोन्सो या पोर्तुगीज नावाचा आंबा. गुजरातीत तो हाफुस. मराठीत आफूस, हापूस. अफोन्सोमधला नाकातला आवाज गळाला, शेवटचा स्वर गेला आणि राहिलं ते कापूस, माणूस, मुंगूस यांच्या पंगतीला बरोबर बसणारं रूप. इंग्रजाकडे गूस तयार होती, आपल्याकडे 'ऊस' तयार होता. त्याने आपल्या मुंगसाला जे केलं तेच आपण अफोन्सोला केलं. एक फरक आहे. कापसाला, माणसाला, मुंगसाला म्हणणारे आपण 'हापसाला' म्हणत नाही, 'हापूसला' म्हणतो. पंगतीला बसवलं, पण सोवळ्यात घेतलं नाही.

तुमच्या या वसईतल्या पापडी गावात तर अशा ऐकण्याची वही घरोघर उघडी आहे. तुमची आडनावं पाहा. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये जे जी-ओ-एन ने सुरू होतं ते गोव्यात गोन्साल्विस असतं, वसईत 'घोन्साल्विस' होतं. हा घ पोर्तुगीजात नाही, रोमन लिपीत नाही. तो इथल्या जिभेने घातला आणि देवनागरीत लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे उतरवला. शाळेच्या दाखल्यावर, मतदारयादीत, दुकानाच्या पाटीवर तो आजही आहे. शुद्धीकरणाच्या नादात कुणी त्याचा ग करू नये, अशी माझी हात जोडून विनंती. तसंच तुमच्या स्टेशनचं. वसईचं पोर्तुगिजांनी 'बसाईं' केलं, इंग्रजांनी बसीन. १८०२ चा तह इंग्रजी पुस्तकांत बसीनचाच. पाटीवर वसई रोड आलं, पण रेल्वेच्या तिकिटावरचा संकेत अजून बी-एस-आर आहे, बसीन रोड. रोज त्या गाडीला लोंबकळणाऱ्यांना सोळाव्या शतकातलं ऐकणं खिशात घेऊन फिरावं लागतं.

ऐकून लिहिणं आणि शिकून लिहिणं यांतला फरक पाहायचा तर एक नाव घ्यावंच लागतं. फादर थॉमस स्टीफन्स हा फ्रायरच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं, १५७९ मध्ये गोव्याला आलेला इंग्रज जेझुइट. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. मराठी ओव्या, लिपी रोमन. तिथे देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून प्रत्येक मराठी ध्वनीसाठी रोमन अक्षर ठरवावं लागलं, आणि ते पोर्तुगीज वळणाने ठरलं. उदाहरणार्थ श साठी एक्स. तिथे मराठी शब्दाला इंग्रजी पक्षी चिकटलेला सापडणार नाही, कारण लिहिणारा त्या भाषेत राहत होता. फ्रायर पाहुणा होता. गंमत अशी की इंग्रजी भाषेला शब्द मिळाला तो पाहुण्याकडून. स्टीफन्सने मराठीला इतकं दिलं, पण त्याच्या मायबोलीत त्याने मराठी शब्द नेला नाही.

शेवटी शब्दाच्या पुढच्या प्रवासाबद्दल, कारण तो संपला नाही. १८७२ मध्ये जमैकातल्या उसाच्या मळ्यांत उंदीर माजले म्हणून एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. चार नर, पाच माद्या. प्राणी बंगालचा, त्याच्या गावी त्याला बेजी म्हणत, पण जहाजाच्या कागदावर तो चढला तो कोकणातलं नाव घेऊन. किपलिंगच्या गोष्टीतल्या रिकी-टिकी-टावी या मुंगसाचंही असंच. गोष्ट घडते बिहारच्या छावणीत, जिथे सगळे नेवला म्हणणार, पण किपलिंग लिहितो माँगूस. जन्म मुंबईचा, म्हणून म्हणा, किंवा इंग्रजीत तोवर दुसरा शब्द उरलाच नव्हता म्हणून म्हणा. जमैकाहून मुंगसं १८८३ मध्ये हवाईला गेली. उंदीर रात्री फिरतात, मुंगूस दिवसा. उंदीर वाचले, जमिनीवर घरटी करणारे पक्षी गेले.

तरी कुणी शहाणं झालं नाही. जपानमध्ये १९१० साली ओकिनावात आणि १९७९ च्या सुमाराला अमामी ओशिमा बेटावर हाबू नावाच्या विषारी सापाचा बंदोबस्त म्हणून मुंगसं सोडली. अमामीत तीसेक. हाबूही रात्रीचाच. तो राहिला बाजूला आणि जगात दुसरीकडे फारसे नसलेले तिथले काळे ससे मुंगसांनी खायला घेतले. मग सापळे, कुत्रे, वर्षानुवर्षांची मोहीम. सप्टेंबर २०२४ मध्ये जपान सरकारने जाहीर केलं की अमामीवर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. जपानी वर्तमानपत्रांनी ही बातमी दिली त्यात प्राण्याचं नाव होतं 'मांगूसु'. जपानीत शब्द सहसा व्यंजनावर संपत नाही, म्हणून शेवटी उ. इंग्रजांनी लिहून ठेवलेली गूस तिथे कुणाला दिसत नाही, कारण त्यांची लिपी वेगळी. उच्चारून पाहा, आपल्या मुंगसाच्या तो इंग्रजीपेक्षा जवळ आहे.

आता प्रश्न घेऊ. घोन्साल्विस मंडळींना आधी संधी.